जिप्समची जमीन: पाया ठरवण्याआधी पाण्याचा मार्ग पाहून घ्या

आखातात, इराकमध्ये किंवा राजस्थानच्या नागौर-बिकानेर पट्ट्यात साइटवर गेलेले आपल्याकडचे इंजिनिअर आणि सुपरवायझर एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ‘जमीन इतकी कडक लागते की पन्नास ठोके मारूनही एसपीटीचा सॅम्पलर पुढे सरकत नाही. मग सॉइल रिपोर्टमध्ये “पाण्याने कोसळणारी माती” असं का लिहिलंय? आणि कन्सल्टंट बागेच्या नळावरून एवढी कटकट का करतो?’

हा गोंधळ स्वाभाविक आहे. सोलापूर, लातूर, जळगावकडे काम शिकलेल्या माणसाला काळ्या मातीची सवय असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हे चक्र दर वर्षी डोळ्यांसमोर घडतं. जिप्समची जमीन वर्षानुवर्षं कोरडी आणि घट्ट राहते, पाणी पोचलं की खचते आणि पुन्हा वाळली तरी वर येत नाही. इमारत उभी राहून रंग लागल्यावर, लोक राहायला आल्यावर हे घडतं, कारण पाणी तेव्हाच येतं. म्हणून या जमिनीवर ‘किती भार पेलेल?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आहे: ‘इथे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पाणी कुठून येईल?’

पाणी नेमकं काय करतं

वाळू आणि गाळाचे कण मोकळेच रचलेले असतात, त्यांच्यात पोकळ्या असतात. जिप्सम त्या कणांना चिक्कीतल्या गुळासारखं धरून ठेवतं. कोरड्या अवस्थेत हा सांधा मजबूत असतो, म्हणून ठोके जास्त लागतात. पाणी आल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या न ओळखल्याने बरेच निर्णय चुकतात.

पहिली गोष्ट लगेच घडते. ओलाव्याने सांधे मऊ पडतात, कण एकमेकांवर घसरतात आणि पोकळ्या मिटतात. काही तासांत, फार तर काही दिवसांत जमीन बसते. यासाठी जिप्सम विरघळून वाहून जावं लागत नाही, ओलं होणं पुरतं.

दुसरी गोष्ट सावकाश चालते. वाहतं पाणी जिप्सम विरघळवून घेऊन जातं. एक लिटर गोड्या पाण्यात साधारण २ ते अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. साचून राहिलेलं पाणी तेवढं घेऊन संपृक्त होतं आणि थांबतं. वाहतं पाणी थांबत नाही, कारण मागून सतत ताजं पाणी येत राहतं. पाणी खारं असेल तर मिठाच्या प्रमाणानुसार विरघळण्याची क्षमता अडीच-तीन पटीपर्यंत जाऊ शकते. समुद्राकाठच्या सबखा, म्हणजे सपाट खारट जमिनीवर हे ध्यानात ठेवा.

साधा हिशेब करून पाहा. पाइपच्या सांध्यातून मिनिटाला फक्त १ लिटर गळती आहे असं धरा. दिवसाला १,४४० लिटर झाले. प्रत्येक लिटरने कमाल जिप्सम उचललं तर रोज साडेतीन किलो, वर्षाला बाराशे किलोंहून जास्त. म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडी मोठी पोकळी, एका फुटिंगखाली. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात कमी होईल. पण मिनिटाला एक लिटरची गळती जमिनीखाली कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि धोका नेमका तिथे आहे.

साइटवर पहिली ओळख

प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी खड्ड्यात उतरून स्वतः पाहा:

- ढेकळात चमकणारे पांढरे किंवा पारदर्शक स्फटिक दिसतात का? जिप्सम नखाने ओरखडतं. चुनखडी नखाने ओरखडत नाही.
- सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. चुनखडीवर बुडबुडे येतात, शुद्ध जिप्समवर येत नाहीत. बुडबुडे आले म्हणून जिप्सम नाही असं मात्र समजू नका. अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र असतात.
- मुठीएवढं न मोडलेलं कोरडं ढेकूळ ग्लासभर पाण्यात अलगद सोडा. काही मिनिटांत ते ढासळून तळाशी वाळू झाली, तर रिपोर्टमधला आकडा काहीही असो, काम थांबवून विचारा.
- आजूबाजूच्या जुन्या इमारतींचे कोपरे, मॅनहोलभोवतीची फरशी, कुंपणाच्या भिंतीलगतची झाडांची रांग पाहा. जिथे पाणी घातलं जातं तिथेच खड्डे दिसले, तर उत्तर मिळालं.

इराकमध्ये तिक्रीत, समारा, बैजी, रमादी, नजफ हे भाग यासाठी प्रसिद्ध आहेत. कुवेतमध्ये ज्या घट्ट थराला ‘गच’ म्हणतात, त्यातही काही ठिकाणी जिप्सम सापडतं. अबूधाबीच्या किनाऱ्यावरच्या सबखात तर ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतं.

सॉइल रिपोर्ट वाचताना फसण्याच्या जागा

या भागावर वेळ घालवा. इथे झालेली चूक पुढे कुठल्याही काँक्रीटने भरून निघत नाही.

१. नमुना पाण्याने काढला होता का? पाण्याचा फवारा मारून बोअर घेतला असेल, तर सांधे तिथेच मोडले. बोअरलॉगवर ड्रिलिंगची पद्धत लिहिलेली असते, ती वाचा. कोसळण्याची चाचणी खड्ड्यातून हाताने कापलेल्या, मेण किंवा प्लास्टिकने बंद केलेल्या ठोकळ्यावर व्हावी, असा आग्रह धरा.

२. ओव्हनचं तापमान किती होतं? मातीतला ओलावा मोजायला नमुना नेहमी १०५ ते ११० अंशांना वाळवतात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं आणि या तापमानाला ते बाहेर पडू लागतं. ३० टक्के जिप्सम असलेल्या पूर्ण कोरड्या मातीतही त्यामुळे ५ ते ७ टक्के ओलावा ‘सापडतो’. अशी माती ६० ते ८० अंशांत, वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची असते. न्यूक्लिअर गेजलाही हीच अडचण येते, कारण ते हायड्रोजन मोजतं आणि स्फटिकातला हायड्रोजनही त्यात धरतं. कमी तापमानाच्या ओव्हनशी ताडून गेजमध्ये दुरुस्ती घातली नाही, तर ओलावा जास्त आणि कोरडी घनता कमी दिसते. चांगलं झालेलं कॉम्पॅक्शन नापास होतं आणि कोरड्याठाक थराला ओलावा ‘योग्य’ असल्याचा शेरा मिळतो.

३. आकडा कशाचा आहे? रिपोर्टमध्ये ‘सल्फेट ५ टक्के’ असं लिहिलेलं असतं. ते एसओ३ म्हणून असेल तर जिप्सम त्याच्या २.१५ पट, म्हणजे १०.७५ टक्के. एसओ४ म्हणून असेल तर १.७९ पट, म्हणजे सुमारे ९ टक्के. विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

४. अर्क पाण्याचा की आम्लाचा? ही सर्वांत घातक जागा. एक भाग माती आणि दोन भाग पाणी असा अर्क काढून सल्फेट मोजण्याची पद्धत काँक्रीटसाठी सर्रास वापरतात. पण एक किलो मातीला दोन लिटर पाणी दिलं, तर त्यात जेमतेम पाच ग्रॅम जिप्सम विरघळेल. म्हणजे मातीत अर्धा टक्का जिप्सम असो की चाळीस टक्के, आकडा जवळपास सारखाच येईल. जिप्समचं खरं प्रमाण हवं असेल तर आम्लात विरघळणारं एकूण सल्फेट मागा.

५. चाचणी ओली केली का? प्लेट लोड टेस्ट कोरड्या जमिनीवर घेतली तर निकाल उत्तम येणारच. प्लेटवर डिझाइनचा भार ठेवून खड्ड्यात पाणी सोडा आणि बसणं थांबेपर्यंत वाचन घेत राहा. प्रयोगशाळेत हेच ओडोमीटरमध्ये करतात: नमुन्यावर २०० किलोपास्कल दाब देऊन तो भिजवतात आणि उंची किती टक्क्यांनी घटली ते पाहतात. जेनिंग्ज आणि नाइट यांची १९७५ची प्रतवारी आजही वापरात आहे:

- १ टक्क्यापर्यंत: त्रास नाही
- १ ते ५: मध्यम त्रास
- ५ ते १०: त्रास
- १० ते २०: गंभीर
- २० च्या वर: अतिगंभीर

‘मध्यम’ या शब्दावर निर्धास्त होऊ नका. दोन मीटर जाडीचा थर ५ टक्के बसला तर ते १०० मिलिमीटर होतात. साध्या आरसीसी चौकटीच्या सुट्या फुटिंगला आपण एकूण ५० मिलिमीटरच्या आसपास बसणं चालवून घेतो. आणि पाणी इमारतीच्या एकाच कोपऱ्याखाली आलं, तर सगळं बसणं त्या कोपऱ्याच्या वाट्याला येतं.

ही चाचणी एका दिवसात संपते, त्यामुळे ती फक्त पहिली, लगेचची घटना पकडते. जिप्सम धुऊन गेल्यावर काय होईल, हे तिच्यात दिसत नाही. टाकी, कालवा, तलाव किंवा मोठी बाग जवळ येणार असेल, तर नमुन्यातून सतत पाणी वाहतं ठेवून केलेली दीर्घ चाचणी मागा.

किती जिप्सम म्हणजे जास्त?

इराकमध्ये रूढ असलेल्या वर्गवारीत ३ ते १० टक्के म्हणजे थोडं, १० ते २५ मध्यम, २५ ते ५० भरपूर. पण नुसत्या टक्केवारीवर निर्णय घेऊ नका. मोकळ्या वाळूतलं १५ टक्के जिप्सम घट्ट थरातल्या ४० टक्क्यांपेक्षा लवकर दगा देऊ शकतं.

याच संदर्भात गावाकडून येणारी एक शंका: चोपण जमीन सुधारण्यासाठी शेतात जिप्सम टाकलं, तर तिथे पुढे घर बांधता येईल का? हेक्टरी पाच टन जिप्सम वरच्या वीस सेंटिमीटर मातीत मिसळलं, तर ते फार तर ०.२ टक्के होतं. त्यामुळे जमीन कोसळत नाही. घर बांधताना तो वरचा थर नाही तरी काढायचाच असतो.

पर्याय कोणते

*काढून टाकणं.* थर दीड-दोन मीटरचा असेल तर हाच सर्वांत निश्चिंत मार्ग. बाहेरून आणलेल्या भरावाचं विरघळणाऱ्या क्षारांचं प्रमाण प्रत्येक खेपेला तपासा. जवळच्याच खाणीतून तीच माती पुन्हा येण्याची शक्यता खरी असते.

*घट्ट करणं.* उंचावरून जड वजन पुन्हा पुन्हा टाकून खोल थर ठोकता येतो. त्याने पोकळ्या कमी होतात आणि पाणी मुरण्याचा वेगही घटतो. जिप्सम मात्र तिथेच राहतं, त्यामुळे पाण्याची व्यवस्था चोख ठेवावीच लागते.

*आधीच भिजवून बसवणं.* काही ठेकेदार हा स्वस्त उपाय सुचवतात: पाणी सोडा, वर भार ठेवा, जमीन बसू द्या, मग बांधा. यातून पहिल्या घटनेचा बराच भाग उरकतो, दुसरीचा नाही. पुढे पाणी वाहणारच नाही याची खात्री असेल, तरच या मार्गाने जा.

*पाइल.* जिप्समच्या थराखाली भक्कम थर असेल तर चांगला पर्याय. पण वरची माती बसताना पाइलला खाली खेचते. तो जादा भार डिझाइनमध्ये धरलाय का, हे विचारा. आणि टोक ज्या खडकात टेकतंय त्यात जिप्समचे पट्टे तर नाहीत ना, हेही पाहा.

*राफ्ट.* भेगा कमी होतात, खचणं थांबत नाही. फुटिंगपेक्षा बरा, पण एकटा पुरेसा नाही.

*चुना किंवा सिमेंट मिसळणं.* काळ्या मातीत चुना उपयोगी पडतो, म्हणून आपल्याकडचे लोक हा उपाय पटकन सुचवतात. इथे तो अंगावर येतो. चुना, सल्फेट, चिकणमातीतलं अॅल्युमिना आणि पाणी एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं आणि जमीन फुगून वर येते. अमेरिकेत लास वेगासच्या स्ट्युअर्ट अव्हेन्यू रस्त्याचं असंच झालं आणि तिथला अनुभव आजही अभ्यासला जातो. सल्फेटच्या चाचणीशिवाय चुन्याची गोणी उघडू देऊ नका.

काँक्रीटबद्दल एवढंच: सल्फेटरोधक सिमेंट ऐकायला बरोबर वाटतं. पण जमिनीत क्लोराइडही भरपूर असेल, आणि किनाऱ्यावर ते असतंच, तर स्लॅग किंवा सिलिका फ्यूम घातलेलं, कमी पाण्याचं दाट काँक्रीट आणि बाहेरून जलरोधक पडदा हे जास्त टिकतं. सल्फेटरोधक सिमेंट क्लोराइड बांधून ठेवायला कमी पडतं आणि सळ्या गंजतात.

पाण्याचा आराखडा पायाच्या आराखड्यासोबतच

वरचा कोणताही पर्याय निवडा, हे काम टळत नाही. माझ्या मते इथली निम्मी सुरक्षा एमईपीच्या ड्रॉइंगमध्ये असते आणि सिव्हिलची माणसं ती ड्रॉइंग्ज उघडूनही पाहत नाहीत. तुम्ही उघडा.

- पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन जमिनीत उघड्या पुरू नका. बंद डक्टमधून न्या आणि गळलेलं पाणी तपासणीच्या चेंबरमध्ये दिसेल असा उतार द्या.
- इमारतीत शिरतानाचे सांधे लवचिक हवेत. जमीन थोडी जरी बसली तरी ताठ सांधा तुटतो, पाणी वाढतं, जमीन आणखी बसते.
- शोषखड्डा आणि सेप्टिक टाकीचा निचरा इमारतीजवळ नको. जागा नसेल तर बंद टाकी करून उपसा ठेवा.
- गच्चीचं आणि एसीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी सोडू नका. एसीचं टपकणं क्षुल्लक वाटतं, पण आखातात ते वर्षातले बहुतेक महिने चालू असतं.
- भिंतीला लागून हिरवळ आणि ठिबक नको. मालकाला बाग हवीच असेल तर खाली जलरोधक पडदा असलेल्या बंद वाफ्यात द्या.
- भोवतालच्या फरसबंदीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि भिंतीशी असलेला सांधा भरलेला.
- टाक्या आणि पाइपच्या दाबचाचणीचं पाणी कुठे सोडायचं ते आधी ठरवा. चाचणी झाल्यावर व्हॉल्व्ह उघडून तिथेच रिकामी करणं ही नेहमीची सवय इथे घातक आहे.
- शेजारी डीवॉटरिंग चालू असेल तर विचारपूस करा. उपशामुळे तुमच्या पायाखालून पाणी वाहू लागतं.

‘इथे पाऊसच पडत नाही’ या उत्तरावर विसंबू नका. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातींमध्ये अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पावसाळी गटारं त्या एका दिवसासाठीही लागतात.

आणि कायम पाणी अडवणारं काम असेल, तर मोसूल धरणाकडे पाहा. तिग्रिस नदीवरच्या या धरणाच्या पायाखाली जिप्समचे थर आहेत. १९८६ पासून त्याच्या पायात जवळपास अखंड ग्राउट भरावं लागतंय. तळं, कालवा, मोठी टाकी बांधताना देखभालीचा खर्च कधीतरी संपेल असं धरू नका.

खचायला लागलं तर

दारं अडकू लागली, दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघाल्या, मॅनहोलभोवती फरशी बसली किंवा पाण्याचं बिल विनाकारण वाढलं, तर क्रम असा ठेवा:

1. त्या भागाचं पाणी बंद करा. आधी हे, बाकी नंतर.
2. रात्री सगळे नळ बंद ठेवून मीटरचं वाचन घ्या, सकाळी पुन्हा घ्या. काटा सरकला असेल तर गळती आहे.
3. भेगेवर तारीख घालून खूण करा, काचपट्टी चिकटवा, लेव्हल घ्या.
4. भेग लगेच बुजवू नका. पुरावाही जातो आणि हालचाल चालू आहे की थांबली, तेही कळत नाही.
5. ‘पाणी सोडून एकदाच बसू दे’ असं कुणी म्हटलं तर ठाम नकार द्या. वर माणसं राहत असताना हा प्रयोग करायचा नसतो.

खांब किंवा बीममध्ये भेगा असतील तर माणसं बाहेर काढा आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरची वाट पाहा.

हक्क आणि कागदपत्रं

अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि इराकच्या दिवाणी कायद्यांत इमारत कोसळणं किंवा तिच्या भक्कमपणाला बाधा आणणारा दोष यांसाठी ठेकेदार आणि आराखडा करणारा यांच्यावर दहा वर्षांची जबाबदारी आहे. यातल्या अनेक कायद्यांत, दोष जमिनीतलाच होता असं म्हटल्यानेही ती टळत नाही. म्हणजे ‘जमीनच वाईट होती’ हा बचाव ठेकेदाराच्या कामाचा नाही. मालक असाल तर हा तुमचा आधार आहे.

भारतात, राजस्थानात किंवा कुठेही, रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

ठेकेदाराच्या बाजूने काम करत असाल तर करार फिडिकचा आहे का ते पाहा. १९९९च्या लाल पुस्तकात अनपेक्षित जमिनीसाठी ४.१२ हे कलम आहे: अनुभवी ठेकेदाराला टेंडरच्या वेळी अंदाज येऊ शकला नसता अशी भौतिक परिस्थिती आढळली, तर मुदतवाढ आणि खर्च मागता येतो. इथे दोन गोष्टींवर दावे पडतात. एक, अनेक मालक विशेष अटींमध्ये हे कलम काढून टाकतात, म्हणून आधी विशेष अटी वाचा. दोन, टेंडरसोबतच्या सॉइल रिपोर्टमध्ये जिप्समचा उल्लेख कुठल्यातरी परिशिष्टात असतो आणि मग ‘अंदाज नव्हता’ म्हणता येत नाही. टेंडर भरतानाच परिशिष्टं वाचून आरएफआय पाठवा.

दाव्याची सूचना, गोष्ट लक्षात आल्यापासून किंवा लक्षात यायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत द्यावी लागते. मुदत गेली की हक्क जातो. सूचनेसोबत खड्ड्याचे तारीखवार फोटो, बोअरलॉग, पाण्यात ढासळलेल्या ढेकळाचा व्हिडिओ आणि सील केलेला राखीव नमुना ठेवा. पगारी इंजिनिअर म्हणून तुम्ही तोंडी दिलेला इशारा चौकशीत कुणाला आठवत नाही. बागेचा नळ, शोषखड्डा, कोरडी प्लेट टेस्ट, यांतल्या प्रत्येक गोष्टीवरचा तुमचा आक्षेप त्याच दिवशी ईमेलने कन्सल्टंटला आणि स्वतःच्या प्रोजेक्ट मॅनेजरला पाठवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.